माझगावच्या फ्रिगेट नौका : एका खंडित विद्येचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत केदारखेडा पंचक्रोशीतील कुटुंबांसाठी युद्धनौकांच्या बांधणीवर लेख यावा, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. आपला भोकरदन तालुका म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा काळ्या मातीचा मुलूख. येथे पावसाची वाट पाहावी लागते, समुद्राची भरती-ओहोटी ठाऊक नसते. मग आपणांस फ्रिगेट नौकांशी काय कर्तव्य? अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे.

आजचे भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन होय. तेथे १९७० च्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी भोकरदनच्या मूर्तीचे विलक्षण साम्य असल्याचे विद्वानांनी दाखविले आहे. दक्षिणापथाचा माल घाट उतरून बंदरांवर जात होता आणि तेथून गलबतांतून पश्चिमेकडे रवाना होत होता. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे, ते उगीच नव्हे. सारांश, आपल्या भूमीचे आणि समुद्राचे नाते दोन हजार वर्षांचे आहे.

दुसरे नाते पाण्याचे आहे. केदारखेड्याच्या शिवारातील पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते आणि गोदावरी समुद्रास मिळते. याच गोदावरीचे नाव धारण करणारी एक युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि तिने बत्तीस वर्षे देशाची सेवा केली. तिच्या आणि तिच्या भगिनीनौकांच्या बांधणीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. तो सांगताना एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावी, अशी इच्छा आहे. ती ही की, नौकाबांधणी ही हातांतून हातांत जाणारी विद्या आहे. तिच्यात खंड पडला की ती विद्या ग्रंथांत उरते, हातांत उरत नाही. आणि तो खंड भरून काढण्यास पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडतात.

प्रथम फ्रिगेट म्हणजे काय, ते पाहू. शिडांच्या काळी मोठ्या लढाऊ जहाजांहून लहान, परंतु वेगवान अशा नौकेस हे नाव होते. शत्रूचा माग काढणे, व्यापारी तांड्यांचे रक्षण करणे, दूरच्या समुद्रात एकटीने संचार करणे ही तिची कामे. आज शिडे गेली, तोफांची जागा बव्हंशी क्षेपणास्त्रांनी घेतली, तरी कामाचा गाभा तोच आहे. पाणबुडीचा शोध घेणे, आकाशातून येणाऱ्या विमानांस व क्षेपणास्त्रांस तोंड देणे, आणि आपल्या देशाकडे येणारी तेलवाहू व मालवाहू जहाजे सुखरूप पोहोचविणे, ही कर्तव्ये आधुनिक फ्रिगेट करते. आपल्या गावच्या बाजारात येणारे रॉकेल, डिझेल आणि रासायनिक खत यांचा किंवा त्यांच्या कच्च्या मालाचा पुष्कळ भाग समुद्रमार्गे येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या नौकेचे महत्त्व शेतकऱ्यासही पटेल.

महाराष्ट्रास ही विद्या नवीन नव्हती. छत्रपती शिवाजीमहाराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमाराची उभारणी केली; गुराबा आणि गलबते कोकणच्या खाड्यांत बांधली गेली. कान्होजी आंग्रे यांनी हे आरमार असे वाढविले की, इंग्रज व पोर्तुगीज दोघांनाही त्याची धास्ती वाटे. विजयदुर्गाजवळच्या खाडीत खडक कोरून केलेल्या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. परंतु १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांच्या हल्ल्यात जळून गेले. या मोहिमेत इंग्रजांना साहाय्य होते ते खुद्द पेशव्यांचे. घरचा तंटा मिटविण्यासाठी परक्यास बोलाविले, आणि त्या आगीत केवळ लाकूड जळाले नाही. ती जहाजे बांधणाऱ्या सुतारांचा, लोहारांचा आणि खलाशांचा आश्रयही जळाला. हा आपल्या इतिहासातील पहिला मोठा खंड होय.

नौका बांधणारे हात मात्र पश्चिम किनाऱ्यावर होतेच. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल सुतार मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. मलबारच्या सागाची ही जहाजे इंग्लंडच्या ओकच्या जहाजांहून अधिक टिकाऊ ठरली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटची कथा विशेष बोधप्रद आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही इंग्रजी नौका १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत पडली आणि त्या नकाशांची दुसरी प्रत मुंबईस धाडावी लागली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरली. दोन शतके लोटली, तरी ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. आपल्या कारागिरांच्या हाताला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकेल?

पुढे काळ बदलला. लाकडाच्या जागी लोखंड आले, शिडांच्या जागी वाफेचे यंत्र आले. परकी राजवटीने ही नवी विद्या आपल्या कारागिरास शिकविण्याचे मनावर घेतले नाही. मोठ्या युद्धनौका इंग्लंडातच बांधल्या जाऊ लागल्या आणि मुंबईच्या गोद्या मुख्यत्वे डागडुजीच्या जागा होऊन राहिल्या. हा दुसरा खंड, आणि तो सर्वांत दीर्घ. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरल्यानंतर मुंबईत पोलादी फ्रिगेटचे जलावतरण होईपर्यंत १५१ वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या नौदलापाशी शौर्य होते, परंतु जहाजे परक्यांनी बांधलेली होती. १९५८ पासूनच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनमध्ये बांधलेल्या आठ फ्रिगेट नौका भारताच्या नौदलात आल्या. ‘ब्रह्मपुत्र’, ‘बियास’, ‘बेतवा’, ‘तलवार’, ‘त्रिशूल’, ‘खुकरी’, ‘किरपाण’ आणि ‘कुठार’ ही त्यांची नावे. नावे आपली, नकाशे व पोलाद परक्यांचे, अशी ती स्थिती होती. १९६० साली भारत सरकारने माझगाव डॉक ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली. या जागी १७७४ पासून लहानशी गोदी होती. तिचे काम मात्र फार करून जहाजांच्या दुरुस्तीचे. ब्रिटिश कंपन्यांशी सहकार्याचा करार होऊन ‘लिअँडर’ वर्गाच्या फ्रिगेट नौका येथेच बांधण्याचे ठरले.

येथे नौकेच्या जन्माच्या पायऱ्या सांगणे इष्ट होईल. कारण वर्तमानपत्रांतील बातम्या वाचताना त्यांचा गोंधळ होतो. प्रत्येक युद्धनौकेच्या आयुष्यात चार तारखा महत्त्वाच्या असतात. पहिली, कणा बसविण्याची. गोदीतील लोक या कण्यास कील म्हणतात. दुसरी, जलावतरणाची. त्या दिवशी नौका पाण्यावर तरंगते खरी, परंतु ती पुष्कळशी पोकळ असते. यंत्रे जोडणे, मैलोगणती विजेच्या तारा व नळ फिरविणे, शस्त्रे आणि रडार बसविणे हे बरेचसे काम त्यानंतरचे. तिसरी तारीख, समुद्रातील चाचण्या होऊन गोदीने नौका नौदलाच्या स्वाधीन करण्याची. आणि चौथी, ती विधिपूर्वक नौदलात दाखल होण्याची. तोपर्यंत कागदोपत्री तिची ओळख गोदीतील क्रमांकाने दिली जाते. बारशापूर्वी तान्ह्या बाळाची जी अवस्था, तीच तिची. आजच्या ‘उदयगिरी’चा क्रमांक १२६५२ असा होता. या चार तारखा लिहून ठेवल्या की देशाची नौकाबांधणी पुढे सरकते आहे की अडखळते आहे, हे घरबसल्या कोणासही कळू शकते. सभारंभातील भाषणांपेक्षा या तारखा अधिक खरे बोलतात.

‘नीलगिरी’ या पहिल्या नौकेचा कणा १९६६ च्या ऑक्टोबरात बसविला गेला, २३ ऑक्टोबर १९६८ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. या तारखांच्या मध्ये १९७१ चे युद्ध येते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन फ्रिगेट नौका पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. ‘हंगोर’ या पाणबुडीने आधी नेम साधला. पाणतीर लागून ‘खुकरी’ अल्पावधीत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या माणसांस जहाज सोडण्यास लावले आणि स्वतः मात्र जहाज सोडले नाही. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र अर्पण झाले. दीव येथे ‘खुकरी’चे स्मारक आहे.

युद्धात दैवाचा भाग असतो. अमुक नौका असती तर अमुक घडले नसते, असे म्हणण्याचा अधिकार इतिहासकारास नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या रात्री ‘खुकरी’ बुडाली, त्या रात्री मुंबईत बांधली जात असलेली ‘नीलगिरी’ अद्याप नौदलात दाखल झालेली नव्हती; त्यास आणखी सहा महिने लागणार होते. शत्रू आपल्या गोदीच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. बांधणीच्या कामात पडलेला खंड हा केवळ हिशेबाच्या वहीतील प्रश्न नसून नौसैनिकांच्या कुटुंबांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

‘नीलगिरी’नंतर माझगावने मागे पाहिले नाही. ‘हिमगिरी’ १९७४ साली, ‘उदयगिरी’ १९७६ साली, ‘दुनागिरी’ १९७७ साली, ‘तारागिरी’ १९८० साली आणि ‘विंध्यगिरी’ १९८१ साली दाखल झाली. एकाच वर्गाच्या सहा नौका एकामागून एक बांधल्यामुळे कारागिरांचा हात बसला. जी चूक पहिल्या नौकेत झाली ती दुसरीत टळे, जो वेळ दुसरीत लागला तो तिसरीत वाचे. शेवटच्या दोन नौकांत तर अधिक मोठे हेलिकॉप्टर नेता यावे म्हणून आपल्याच संकल्पकांनी मूळ आराखड्यात फेरफार केले. शिष्य गुरूच्या पाटीवर स्वतःचे अक्षर काढू लागला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

त्यानंतरचे पाऊल म्हणजे ‘गोदावरी’. तिचा आराखडा भारतीय संकल्पकांचा. लांबी सुमारे १२६ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ३,८५० टन; म्हणजे ‘नीलगिरी’हून ती बरीच मोठी. यंत्रे मात्र लिअँडर वर्गातील वाफेचीच ठेवली, कारण ती बसविण्याचा व चालविण्याचा अनुभव हाताशी होता. क्षेपणास्त्रे सोव्हिएत बनावटीची, इतर काही उपकरणे पाश्चात्त्य आणि काही देशी. हे सर्व एका नौकेत नांदविणे म्हणजे भिन्न भाषा बोलणाऱ्या माणसांचे एकत्र कुटुंब चालविण्यासारखे होते. १० डिसेंबर १९८३ रोजी ती दाखल झाली. तिच्यामागून ‘गंगा’ १९८५ साली आणि ‘गोमती’ १९८८ साली आल्या.

या नौकेने केलेल्या कामगिरीपैकी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीव या लहानशा बेटांच्या राष्ट्रावर भाडोत्री बंडखोरांनी हल्ला केला. तेथील सरकारच्या विनंतीवरून भारताचे छत्रीसैनिक विमानाने जाऊन पोहोचले, तेव्हा बंडखोर ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ नावाच्या मालवाहू जहाजातून पळाले. ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’ या फ्रिगेट नौकांनी त्या जहाजास समुद्रात गाठले आणि ताब्यात घेतले. पुढे १९९४ च्या डिसेंबरात सोमालियातून भारतीय सैन्य परतले, त्या वेळीही ‘गोदावरी’ व ‘गंगा’ तेथे पाठराखणीस होत्या. २३ डिसेंबर २०१५ रोजी ‘गोदावरी’ सन्मानपूर्वक निवृत्त झाली.

परंतु याच ठिकाणी तिसरा खंड येतो. १९८८ मध्ये ‘गोमती’ दिल्यानंतर माझगावहून पुढची फ्रिगेट नौदलास मिळाली ती २९ एप्रिल २०१० रोजी, ‘शिवालिक’ या नावाने. मध्ये बावीस वर्षे गेली. या काळात गोदी रिकामी नव्हती. ‘दिल्ली’, ‘म्हैसूर’ आणि ‘मुंबई’ या विनाशिका तेथेच झाल्या, म्हणून विद्या सर्वस्वी लोपली नाही. पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र फार सोसावे लागले. माझगावने १९९२ साली ‘शाल्की’ आणि १९९४ साली ‘शंकुल’ या पाणबुड्या बांधून दाखविल्या. त्यानंतर काम थांबले, आणि त्या सूक्ष्म वेल्डिंगमध्ये तरबेज झालेली माणसे पांगली. पुढची पाणबुडी ‘कलवरी’ दाखल झाली ती २०१७ च्या डिसेंबरात, आणि तीही परकीयांचे साहाय्य नव्याने घेऊन. एकदा शिकलेला धडा दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला.

‘शिवालिक’च्या तारखाही या दृष्टीने बोलक्या आहेत. कणा ११ जुलै २००१ रोजी, जलावतरण १८ एप्रिल २००३ रोजी आणि दाखल २०१० साली. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे. शत्रूच्या रडारवर नौकेची आकृती लहान दिसावी, अशा बांधणीची ही भारतातील पहिली फ्रिगेट मालिका. नवेपणाची किंमत वेळाने मोजावी लागली. तिच्या मागून ‘सातपुडा’ २०११ साली आणि ‘सह्याद्री’ २०१२ साली आल्या. आपल्या महाराष्ट्राच्या दोन पर्वतरांगा अशा रीतीने समुद्रावर गेल्या.

मिळालेला अनुभव पुढच्या मालिकेत कामी आला. आपल्यात आजोबांचे नाव नातवास ठेवतात, त्याप्रमाणे नव्या सात नौकांपैकी सहांस जुन्या लिअँडर नौकांचीच नावे दिली गेली, सातवी ‘महेंद्रगिरी’. चार माझगावास व तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीस देण्यात आल्या. सुमारे १४९ मीटर लांबीच्या या नौका मोठमोठ्या ठोकळ्यांत बांधल्या जातात. ठोकळ्यातील नळ, तारा व यंत्रे शक्य तितकी आधीच बसवून मग ते ठोकळे जोडले जातात. पोलादही आता देशातच विकसित झालेले व स्टील अथॉरिटीच्या कारखान्यांत तयार होणारे आहे. नव्या ‘नीलगिरी’चा कणा २८ डिसेंबर २०१७ रोजी बसला, २८ सप्टेंबर २०१९ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ती मुंबईत दाखल झाली; सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. तिच्या मागची ‘उदयगिरी’ २६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे दाखल झाली. त्याच समारंभात कोलकात्यात बांधलेली ‘हिमगिरी’ही होती. दोन निराळ्या गोद्यांतील दोन फ्रिगेट नौका एकाच दिवशी दाखल होणे, हे दृश्य आपल्या देशाने पूर्वी पाहिले नव्हते.

तथापि केवळ गौरव करून थांबणे योग्य नव्हे. बांधणीइतकीच निगा महत्त्वाची. ‘विंध्यगिरी’ला ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराजवळ एका व्यापारी जहाजाची धडक बसली, आग लागली आणि ती गोदीत आणल्यावर बुडाली. ‘बेतवा’ या नव्या फ्रिगेटचा ५ डिसेंबर २०१६ रोजी गोदीतून पाण्यात घेतानाच तोल जाऊन ती कलंडली. दोन नौसैनिक प्राणास मुकले. ‘ब्रह्मपुत्र’ला २१ जुलै २०२४ रोजी मुंबईत डागडुजी चालू असता आग लागली, त्यातही एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. यांपैकी एकही हानी शत्रूने केलेली नाही. दहा वर्षे खपून बांधलेली वस्तू एका घटकेच्या बेसावधपणाने जाऊ शकते, हा नियम शेताच्या बांधास जसा लागू आहे, तसा युद्धनौकेसही लागू आहे.

आता या सर्वांचा आपल्या कुटुंबांशी संबंध काय, हे सांगून लेख आवरतो. युद्धनौका म्हणजे मंत्री व नौसेनापती यांचेच काम, अशी समजूत असते. वस्तुतः ती वेल्डर, फिटर, नळ जोडणारा, वीजतंत्री, सुतार व रंगारी यांच्या हातांनी उभी राहते. माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ कामगारांची शाळा आहे आणि तेथे शालेय शिक्षण किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलांस शिकण्याची संधी मिळते. आपले जालना शहर पोलादी सळ्यांच्या कारखान्यांसाठी नावाजलेले आहे. भट्टीच्या उष्णतेची आणि लोखंडाच्या वजनाची ओळख आपल्या मुलांस परकी नाही. तरीही आपल्या घरांतून हाताच्या कामास कमी लेखण्याची प्रवृत्ती वाढत आहे. मुलगा कचेरीत बसला म्हणजे मार्गी लागला आणि कारखान्यात गेला म्हणजे मागे पडला, असे बोलले जाते. विजयदुर्गाच्या सुतारांचा वारसा ज्या समाजाने एकदा गमावला, त्याने तरी असे बोलू नये.

बाप मुलास कसब शिकवितो तोवर ते कसब जिवंत असते. एक पिढी शिकली नाही, तर पुढच्या पिढीस ते परक्याच्या दारात जाऊन, दाम मोजून आणि मान वाकवून शिकावे लागते. ‘ट्रिंकोमाली’ ते ‘नीलगिरी’ या १५१ वर्षांचा अर्थ हाच आहे. आपल्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा उद्या यंत्रशाळेची वाट धरू म्हणेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हा इतिहास आठवावा आणि त्या पावलास आडकाठी न करता आशीर्वाद द्यावा, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.